आईच्या नावाने स्वयंसेवक मुलींसाठी पुरस्कार सुरू करायचा आहे, निवड कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आई अंगणवाडी सेविका होत्या, गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या नावाने तालुक्यातल्या १८ ते २५ वयाच्या, गावासाठी विनामोबदला झटणाऱ्या मुलींना दरवर्षी पुरस्कार द्यावा असं तुम्हा भावंडांच्या मनात आहे. वर्षाला पन्नास हजार रुपये बाजूला काढायची तयारी आहे. निवड कशी करायची, काय द्यायचं आणि कार्यक्रम कसा करायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवत होते. दोन वेळा मिळून सात वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते आणि त्यानंतर लहानमोठ्या पुरस्कारांच्या निवड समित्यांवर बरीच वर्षं बसले. त्या अनुभवातून लिहिते आहे. उत्तर लांबेल, पण तुम्ही मनापासून विचारलंय, म्हणून सगळं सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पन्नाशीच्या बाईला पुरस्कार देणं वेगळं आणि वीस वर्षांच्या मुलीला देणं वेगळं. पन्नाशीच्या बाईच्या पुरस्कारात झालेल्या कामाची पावती असते. वीस वर्षांच्या मुलीचं काम अजून व्हायचं असतं आणि ते होईल की नाही हे बऱ्याचदा तिच्या हातात नसतं. आमच्याकडे सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर असायचं. मुलांची संमतीपत्रं दुसऱ्या दिवशी सह्या होऊन यायची. मुलींच्या संमतीपत्रांसाठी मी घरोघरी जायचे. ओसरीवर बसून चहा घ्यायचा, झोपायची सोय कुठे आहे, बरोबर बाई कोण आहेत, रात्री दाराला कडी कोण लावतं, हे सगळं सांगायचं. एका वडिलांनी तीन वेळा नाही म्हटलं. पुढच्या वर्षी त्याच मुलीचं नाव विद्यापीठाच्या उत्कृष्ट स्वयंसेवकांच्या यादीत आलं, गावच्या सरपंचांनी चावडीवर तिचं कौतुक केलं, तेव्हा तेच वडील मला म्हणाले, "मॅडम, आता जाऊ दे तिला कुठं जायचंय तिथं." मुलगी तीच आणि कामही तेच होतं, पण गावानं नाव काढलं आणि तिची घरातली परवानगी वाढली.

म्हणून माझं म्हणणं असं की या वयात दिलेल्या पुरस्काराचं काम एकच: तिचं पुढच्या वर्षीचं काम शक्य करणं. रक्कम, दिवस, जागा, मानपत्र, फोटो, जे जे ठरवाल ते या एका कसोटीवर घासून बघा.

आता, असे पुरस्कार आधीपासून आहेत, मग तुमच्या पुरस्काराची गरज काय, असंही कोणी तुम्हाला विचारेल. आहेत खरे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांमध्ये सुरू झाली. तिचे पुरस्कार विद्यापीठापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत आहेत. केंद्राचा राष्ट्रीय युवा पुरस्कार १५ ते २९ या वयासाठी आहे. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा खात्याचा जिल्हा युवा पुरस्कार एक युवक, एक युवती आणि एक संस्था असा दिला जातो, म्हणजे मुलीसाठी जागा राखलेलीच आहे. तुम्ही निवडलेल्या मुलीचा तिथे अर्ज भरून द्या, ती तुमच्या पुरस्काराची पुढची पायरी ठरेल.

पण या चौकटीतून गळणाऱ्या मुली खूप आहेत. सेवा योजनेत यायचं तर मुलगी महाविद्यालयात हवी. दोन वर्षांत २४० तास काम, एक निवासी शिबिर, मग प्रमाणपत्र. बारावीनंतर घरी बसवलेली, लग्न होऊन आलेली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी त्या हजेरीपटावर नसते. युवा पुरस्काराच्या अर्जाला पुरावे जोडावे लागतात: वृत्तपत्रातली कात्रणं, प्रशस्तिपत्रं, फोटो, चित्रफिती. वस्तीवरच्या पोरांना रोज संध्याकाळी दोन तास शिकवणाऱ्या मुलीचं कात्रण कुठून येणार? आणि महिला व बालविकास खात्याचा अहिल्यादेवी होळकर पुरस्कार घ्यायचा तर जिल्हा पातळीला दहा वर्षांचा आणि राज्य पातळीला पंचवीस वर्षांचा अनुभव लागतो. बावीस वर्षांच्या मुलीनं दहा वर्षांचा अनुभव दाखवायचा कसा? २०२३ पासून त्याच नावाने ग्रामपंचायत पातळीवर दोन कर्तबगार महिलांना गौरवायला सुरुवात झाली, ही चांगली गोष्ट झाली. तिथेही मान बहुधा वडीलधाऱ्या बायकांना मिळतो आणि ते योग्यही आहे. तुमच्या वयोगटाची जागा मोकळीच आहे.

वयाबद्दल एक सूचना. जाहिरातीत "विद्यार्थिनी" किंवा "अविवाहित" असे शब्द चुकूनही घालू नका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. तुम्ही ज्या वयाच्या मुली शोधताय त्यातली दर पाचवी मुलगी अठरा भरायच्या आत सून झालेली असते. तिच्याकडे कडेवर मूल असेल आणि तरी ती गावासाठी काहीतरी करत असेल. जन्मतारखेचा पुरावा एवढीच अट ठेवा, बाकी दाखले मागू नका.

निवडीकडे येते. इथे मी एक मोठी चूक केलेली आहे, ती आधी सांगते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या भागातल्या एका शाळेत पूरग्रस्त कुटुंबं आणली होती आणि आमच्या सहा मुली तिथे मदतीला होत्या. बाहेरून मदतीचे ट्रक येत होते. बिस्किटं, पाव, पाण्याच्या बाटल्या, जुने कपडे. व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग खिडकीपर्यंत गेला होता. दुसऱ्या दिवशी त्या सहांपैकी एक मुलगी बायकांच्या खोलीतून बाहेर आली, बिस्किटांच्या खोक्याचं पुठ्ठं फाडलं आणि त्यावर स्केचपेनने लिहिलं: सॅनिटरी पॅड, आतले कपडे, परकर, लहान बाळांची दुपटी, बीपी-शुगरच्या गोळ्या. ते पुठ्ठं घेऊन ती फाटकात उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगायची, "दादा, कपडे नकोत आता, हे आणा. फोटो काढून घ्या याचा." पुरुषांसमोर "पॅड" हा शब्द मोठ्याने म्हणायला आमच्याकडे अजून जीभ अडखळते. तिची अडखळली नाही. तिसऱ्या दिवशी एका टेम्पोतून त्या यादीतलं बरंच काही आलं.

त्या वर्षी एका संस्थेनं माझ्याकडे एक नाव मागितलं. मी तिचं दिलं. तिला व्यासपीठावर बोलावलं, शाल दिली, वर्तमानपत्रात फोटो आला. बाकीच्या पाच जणी खाली खुर्च्यांवर बसल्या होत्या. खोलीत जाऊन बायकांशी बोलणारी त्यांच्यातली दुसरीच होती. रात्री जागणाऱ्या दोघी होत्या. पुढच्या उपक्रमाला त्या पाचजणी आल्या नाहीत, आणि ज्या मुलीचा सत्कार झाला ती मला म्हणाली, "मॅडम, माझं एकटीचं नाव द्यायला नको होतं. माझ्याशी नीट बोलत नाहीत त्या आता." सत्कारानं मी तिची टोळी मोडली. मुलींचं काम बहुतेक वेळा टोळीनंच होतं, कारण एकटीला कोणी सोडतच नाही. म्हणून तुमच्या नियमात पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा: पुरस्कार एकीला, जोडीला किंवा गटाला मिळू शकतो. एकीचं नाव आलं तर तिलाच विचारा की तुझ्याबरोबर कोण कोण होतं, आणि ती नावं मानपत्रात घ्या.

अर्ज कसे मागवायचे? मुलीनं स्वतःचा अर्ज स्वतः भरायचा, हा रिवाज या वयाला जमत नाही. "मी अमुक केलं" असं लिहायला आपण मुलींना शिकवलेलंच नाही. लिहिलं तर "आगाऊ आहे" म्हणतो. माझ्या समितीकडे येणाऱ्या अर्जांत मुलं स्वतःविषयी चार पानं लिहायची आणि मुली अर्ध्या पानात "आम्ही सर्वांनी मिळून" लिहून मोकळ्या व्हायच्या. पानं मोजली असती तर प्रत्येक वर्षी मुलगेच निवडले गेले असते. तेव्हा नाव सुचवायचं काम दुसऱ्यानं करावं आणि सुचवणाऱ्या दोन व्यक्ती असाव्यात. एक शिक्षिका, आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, अशी कोणीतरी. आणि दुसरी व्यक्ती ती, जिला त्या कामाचा उपयोग झाला. दुसरीचं लेखी नको, फोनवर बोललेलं चालेल, नाहीतर निरक्षर आजीचं मत तुमच्यापर्यंत येणारच नाही.

फॉर्म एका पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यात मी तीनच गोष्टी विचारते. ही मुलगी काय करते, एखादा दिवस डोळ्यासमोर आणून सांगा. हे काम तिनं स्वतः सुचवलं की कोणी सांगितलं म्हणून केलं? आणि तिसरा प्रश्न माझा सगळ्यात आवडता: ती चार दिवस परगावी गेली तर काय अडतं? या प्रश्नानं पुष्कळ गोष्टी उलगडतात. "कार्यक्रमाला रांगोळी कोण काढणार" असं उत्तर आलं तर समजावं की मुलीला शोभेपुरतं ठेवलंय. "वाचनालयाची किल्ली तिच्याकडे असते" असं आलं तर समजावं की तिच्यावर काम उभं आहे.

हा रांगोळीचा मुद्दा मला जरा लांबवायचा आहे, कारण नेतृत्व बघताना लोक इथेच फसतात. कुठलाही सामाजिक उपक्रम घ्या. मुली पाहुण्यांना ओवाळतात, स्वागतगीत म्हणतात, पुष्पगुच्छ नेऊन देतात, चहाचे कप गोळा करतात. माइक मुलाच्या हातात असतो, पैशाची वही मुलाकडे असते, तहसीलला पत्र घेऊन मुलगाच जातो. फोटोत मात्र पुढच्या रांगेत सगळ्या मुली. फोटो बघून "मुलींचा केवढा सहभाग" असं आपण म्हणतो. तुम्ही निवडीला गेलात की विचारा: खर्चाचा हिशेब कोणी लिहिला? पत्रावर सही कोणाची? भांडण झालं तेव्हा कोण बोललं? आमच्या शिबिरात वनराई बंधारा, म्हणजे मातीनं भरलेली पोती रचून ओढ्यावर केलेला कच्चा बांध, घालताना मी एका वर्षी कामं उलटी वाटली. स्वयंपाकघर मुलांकडे, आणि बंधाऱ्याची आखणी, पोत्यांचा हिशेब आणि गावकऱ्यांशी बोलणी मुलींकडे. पहिल्या दिवशी भाकरी करपल्या. चौथ्या दिवशी गावातले लोक पोत्यांबद्दल मुलींना विचारायला येऊ लागले. नेतृत्व अंगात असतं किंवा नसतं, असं मला वाटत नाही. पुष्कळदा ते हातात काय दिलं यावर ठरतं.

म्हणून निवड कागदावर करू नका, जाऊन बघा. दहा नावं आली तर त्यातल्या पाच-सहा गावांना समितीतल्या दोघांनी जावं, साध्या दिवशी, न कळवता नव्हे पण गाजावाजा न करता. आधी मुलीकडे जाऊ नका. आधी पाणवठ्यावर, शाळेत, दुकानात विचारा. समितीत पाच जणांपैकी निदान तिघी बायका असाव्यात, आणि दुसऱ्या वर्षापासून आदल्या वर्षीची मानकरी मुलगी त्यात असावी. राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्याला समितीत घेऊ नका. त्यांच्याविषयी माझा राग नाही, पण एकाला घेतलं की दुसऱ्याच्या वाडीतली मुलगी नाव देत नाही.

आणखी एक बघा: यादीत कुठल्या वस्त्या आल्याच नाहीत? पहिल्या वर्षी मोठ्या गावांतून, रस्त्यालगतच्या घरांतून नावं येतील. दलित वस्ती, धनगरवाडा, मुस्लिम मोहल्ला, पारधी पाल इथून नाव आलं नसेल तर तिथे मुली काम करत नाहीत असं नसतं, तिथे तुमचा फॉर्म पोचलेला नसतो.

नागरी कामाबद्दल तुम्ही खास विचारलंय की स्वच्छता मोहीम आणि वृक्षारोपण सोडून आणखी काय धरायचं. एक उदाहरण देते, मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आमची एक माजी विद्यार्थिनी, एकवीस वर्षांची, लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात गेली. तिथे तिच्या लक्षात आलं की आपलं नाव मतदार यादीत माहेरीच आहे. मग आसपास विचारलं तर बहुतेक नव्या सुनांची तीच गत. नाव माहेरच्या यादीत, त्यामुळे सासरच्या गावात मत नाही, आणि माहेरी मतदानाला कोण पाठवणार? नाव हलवायचा अर्ज म्हणजे नमुना ८, नवीन नाव नोंदवायचं तर नमुना ६. हे तिनं बीएलओ, म्हणजे गावाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या गुरुजींकडून समजून घेतलं. घरोघरी फिरायला तिला परवानगी नव्हती. २०२३ चा जानेवारी होता. तिनं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. हळदीकुंकवाला कुठल्या सासूची ना असते? बायका आल्या, तिळगूळ झाला, आणि वाण म्हणून तिनं प्रत्येकीच्या हातात भरायचा अर्ज आणि पेन ठेवलं. आधार कार्डाची झेरॉक्स आणायचा निरोप आधीच गेला होता. ओटीवर चटई टाकून गुरुजी बसले होते. त्या दुपारी एकतीस अर्ज भरले गेले. आणखी एक केलं तिनं. गल्लीतल्या तीन विधवा बायकांनाही बोलावणं धाडलं. आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला होता आणि राज्य शासनानं तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला होता. तो तिनं सासूला वाचून दाखवला. तिघींपैकी दोघी आल्या. एक दारातच उभी होती, सासूनंच हात धरून आत घेतलं.

फुकट, दोन तासांत, घराच्या ओटीवर झालेलं हे काम. कात्रण नाही, फोटो नाही. नागरिक म्हणून जगणं याहून वेगळं काय असतं? ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत जाऊन पाण्याच्या टाकीचा प्रश्न मांडणारी, शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसवून घेणारी, एसटीचा थांबा शाळेपाशी मागून घेणारी, बालविवाहाची खबर १०९८ वर देणारी मुलगी. अशी कामं धरा. शेवटच्या कामाबद्दल मात्र सावध: ज्या मुलीनं लग्न थांबवलं तिचं नाव त्या कामासाठी जाहीर करू नका. तिला त्याच गावात राहायचं असतं.

हाच धागा फोटोचा. एका ठिकाणी आयोजकांनी मानकरी मुलींचे फोटो, पूर्ण नावं आणि मोबाइल नंबर फ्लेक्सवर छापून चौकात लावले. आठवडाभर त्यातल्या एका मुलीला नको ते फोन आले आणि घरच्यांनी फोन काढून घेतला, मग क्लासही बंद केला. आयोजकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा. फोटो छापायचा का, कुठे, नाव कसं लिहायचं, आडनाव माहेरचं की सासरचं, हे तिनं सांगावं. मोबाइल नंबर कुठेच छापू नका.

मानपत्राचं सांगते, कारण ते घराच्या भिंतीवर तीस वर्षं राहतं. मुलींच्या मानपत्रात एक वाक्य हटकून असतं: "घरची सर्व जबाबदारी सांभाळून, हसतमुखाने, निःस्वार्थ भावनेने आपण समाजकार्य केले." मी समितीत असताना हे वाक्य लाल पेनने कापायचे. मुलग्याच्या मानपत्रात "घरची भांडी घासून" असं कोणी लिहितं का? ते वाक्य घरातल्यांना सांगतं की घरकाम आधी, मग बाकीचं, आणि आम्ही त्याला मान देतोय. त्याऐवजी काम लिहा. वर सांगितलेल्या मुलीसाठी मी लिहिलेला मजकूर असा होता: "जानेवारी २०२३ मध्ये आपण स्वतःच्या घरी अर्ज भरण्याची सोय केली आणि एकतीस स्त्रियांचे अर्ज मतदार यादीसाठी दाखल करवून घेतले. ही कल्पना आपली होती." शेवटचं वाक्य ती वाचताना दोनदा थांबली.

द्यायचं काय? शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही, गावात त्याला मान आहे आणि आईवडिलांना तो दिसतो. पण पन्नास हजारांतला मोठा वाटा कार्यक्रमावर जाऊ देऊ नका. मी असे समारंभ पाहिलेत की मंडप, फ्लेक्स, हार आणि जेवणावर जे गेलं त्याच्या पाव हिस्साही मुलींच्या हाती पडला नाही. रक्कम थेट तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करा. खातं नसेल तर ते उघडून देणं हाही पुरस्काराचा भाग समजा. रोख पाकिटात दिली तर ती संध्याकाळपर्यंत घरखर्चात जाते. त्याखेरीज तिला काय लागतं ते तिलाच विचारा, तुम्ही ठरवू नका. आम्ही विचारलं तेव्हा एकीनं एमएस-सीआयटीची फी मागितली, एकीनं दुचाकीचा परवाना काढून मागितला, एकीनं वस्तीवरच्या अभ्यासिकेसाठी ट्यूबलाइट आणि सतरंजी.

सतरंजी मागणाऱ्या मुलीमुळे मला नेहमी मुक्ता साळवे आठवते. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. एका समारंभात साहेबानं तिला खाऊ देऊ केला तेव्हा आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या, असं ती म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. पावणेदोनशे वर्षं होत आली, मुली अजून तेच मागताहेत आणि आपण अजून स्मृतिचिन्ह देतोय.

पैशांहून मोलाची एक गोष्ट तुम्ही फुकट देऊ शकता: बसायला जागा. शाळा व्यवस्थापन समितीत स्थानिक शिक्षणतज्ज्ञासाठी जागा असते, ती बऱ्याच गावांत नावापुरती भरलेली असते. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंचांना भेटा आणि मानकरी मुलीला यातल्या एखाद्या समितीत घ्यायची, निदान बैठकीला बोलवायची विनंती करा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असल्या तरी उभं राहायला एकवीस पूर्ण लागतात. अठरा ते एकवीस ही तीन वर्षं मुलीनं बैठकीत बसून प्रोसिडिंग, म्हणजे बैठकीच्या कामकाजाची नोंद, कशी लिहितात, ठराव कसा मांडतात हे पाहिलं, तर पुढे सहीपुरती सदस्य व्हायची वेळ तिच्यावर येणार नाही.

कार्यक्रम तालुक्याच्या सभागृहात घेऊ नका, तिच्या गावात घ्या. तालुक्याला टाळ्या वाजवणारे तिला ओळखत नसतात, आणि ज्यांनी तिला नावं ठेवली ते गावात असतात. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला सरपंचांच्या संमतीनं अर्धा तास मागून घ्या, खर्चही वाचतो. वेळ सकाळची. पाहुणा उशिरा आला म्हणून रात्री नऊला संपलेल्या एका कार्यक्रमानंतर तीन मुलींची शेवटची एसटी चुकली होती. त्यांना घरी सोडून येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांच्यातल्या एकीला घरच्यांनी पुन्हा कुठल्या कार्यक्रमाला पाठवलं नाही. आणि मुलीला बोलू द्या. पाच मिनिटं, माइक हातात, पाहुण्यांच्या भाषणाआधी. आईवडिलांना, सासूला पहिल्या रांगेत बसवा, पण ट्रॉफी तिच्या हातातून काढून वडिलांच्या हातात देऊन फोटो काढायचा प्रकार होऊ देऊ नका.

वर्षभरानं तिच्याकडे परत जा. लग्न ठरलं असेल, नोकरीला पुण्याला गेली असेल, काम थांबलं असेल तर तेही चालतं. तिला दोष द्यायचा नाही, पुरस्कार परत घ्यायचा नाही. तिचं काम आता कोण बघतं, एवढं विचारायचं. बहुतेक वेळा पुढच्या वर्षीचं नाव तिथेच मिळतं.

पहिल्या वर्षी जाहिरात देऊ नका, असं मी सुचवेन. त्यापेक्षा पर्यवेक्षिकांना विचारून अंगणवाडी सेविकांच्या मासिक बैठकीला जा. तिथे तुमच्या आईंबरोबर काम केलेल्या बायका असतील. आईंचं नाव सांगितलंत की त्या तुम्हाला बसवून घेतील. गावातलं प्रत्येक घर त्यांना ठाऊक असतं, कुठली मुलगी काय करते हेही. त्यांना फॉर्म देऊ नका, तो तिसरा प्रश्न विचारा: तुमच्या गावात अशी कोण आहे, की ती चार दिवस नसली तर अडतं? वही बरोबर न्या, पहिल्याच बैठकीत पाच-सात नावं निघतील.